युरोव्हिजन पहिल्यांदाच बघताय? मे महिन्याची वाट पाहू नका

मे महिन्यातल्या एका शनिवारी रात्री पंचवीस-सव्वीस देशांची गाणी एका मंचावर ओळीने सादर होतात, युरोपभर मतदान होतं आणि मध्यरात्र उलटल्यावर विजेता ठरतो. नवखी माणसं युरोव्हिजन बघायला सुरुवात करतात ती याच रात्री. मग पंचवीस अनोळखी चेहरे आणि पंचवीस अनोळखी गाणी चार तासांत समोरून सरकून जातात. कुणाशी जीव जडायला वेळच मिळत नाही. ज्यांना या स्पर्धेचं खरं वेड आहे, त्यांच्यासाठी ती रात्र म्हणजे शेवटचा अंक असतो. त्यांनी हिवाळ्यापासून गाणी ऐकलेली असतात, त्यावर भांडणं केलेली असतात, एखाद्या गायकाला मनोमन आपला मानलेलं असतं. म्हणून पडद्यावर गुण झळकतात तेव्हा त्यांचे हात थरथरतात.

ही धडधड अनुभवायची असेल तर थोडी आधीपासून तयारी हवी. ती कशी करायची, ते पुढे क्रमाने सांगतो. एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. भारत या स्पर्धेत नाही. स्वीडनच्या माणसाला स्वीडनचं गाणं आवडलं नाही तरी थोडी ओढ वाटतेच, तसं आपलं काही नाही. पस्तीस-चाळीस देशांतून जे गाणं काळजाला भिडेल, ते आपलं.

आधी एवढं माहीत असू द्या

ही स्पर्धा युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन ही प्रसारण संस्थांची संघटना भरवते. पहिली स्पर्धा २४ मे १९५६ रोजी स्वित्झर्लंडमधल्या लुगानो शहरात झाली. सात देश होते, प्रत्येकाची दोन गाणी होती आणि यजमान देशाची लिस आसिया जिंकली. तेव्हापासून फक्त २०२० साली, कोविडमुळे, स्पर्धा रद्द झाली. सहसा आदल्या वर्षीचा विजेता देश यजमान होतो. २०२२ ची स्पर्धा युक्रेनने जिंकली होती, पण युद्धामुळे २०२३ चा सोहळा त्यांच्या वतीने लिव्हरपूलने भरवला. ऑस्ट्रेलिया २०१५ पासून भाग घेतं, त्यामुळे सिडनी-मेलबर्नच्या मराठी घरांत या स्पर्धेचं नाव बरंच ओळखीचं आहे.

नियमांपैकी सुरुवातीला इतके पुरेत: गाणं जास्तीत जास्त तीन मिनिटांचं असतं. मंचावर सहापेक्षा जास्त माणसं नसतात. मुख्य गायकाला प्रत्यक्षच गावं लागतं, वाद्यं मात्र आधी ध्वनिमुद्रित केलेली असतात. भाषेचं बंधन १९९९ पासून नाही. गायक त्या देशाचा नागरिकही असावा लागत नाही. १९८८ साली स्वित्झर्लंडसाठी जिंकलेली सेलिन डिऑन कॅनडाची होती.

पायरी पहिली: जुनी पाच सादरीकरणं, आणि तीही याच क्रमाने

युरोव्हिजनच्या अधिकृत यूट्यूब चॅनेलवर जुनी सादरीकरणं सहज सापडतात. एकदम सगळी बघू नका. माझ्या मते ही पाच पुरेशी आहेत, आणि क्रमही मुद्दाम असाच ठेवला आहे.

फिनलंडचे लोर्डी, २००६. राक्षसांचे मुखवटे चढवलेला हार्ड रॉक बँड. ही स्पर्धा म्हणजे गोड गोड प्रेमगीतांचा कार्यक्रम, असा समज असेल तर तो तीन मिनिटांत जातो. फिनलंडचा हा आजवरचा पहिला विजय.

त्यानंतर लगेच पोर्तुगालचा साल्वादोर सोब्राल, २०१७. प्रेक्षकांच्या मधोमध एक लहानसा गोल मंच आहे, त्यावर ढगळ काळा कोट घातलेला एक मुलगा, त्याची बोटं हवेत सुरांमागे फिरताहेत. नर्तक नाहीत, ज्वाळा नाहीत. गाणं पोर्तुगीजमध्ये आणि रचना त्याच्या बहिणीची, लुईझाची. परीक्षक आणि प्रेक्षक, दोघांनीही त्याला पहिलं ठरवलं आणि ७५८ गुणांचा विक्रम झाला. पोर्तुगाल १९६४ पासून वाट पाहत होतं. जिंकल्यावर तो मंचावर बहिणीला घेऊन आला आणि दोघांनी मिळून ते गाणं पुन्हा गायलं. तो भाग चुकवू नका.

मग इटलीचे मोनेस्किन, २०२१. मग ऑस्ट्रियाचा जेजे, २०२५: प्रशिक्षित काउंटरटेनर (स्त्रीच्या पट्टीत गाणारा पुरुष गायक), कृष्णधवल चित्रीकरण, वादळात सापडलेली होडी, आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात ऑपेराचं रूपांतर टेक्नोमध्ये. पाचवा फिनलंडचाच कॅरिया, २०२३. त्याच्याविषयी गुणांच्या भागात सविस्तर बोलू, कारण त्याचं प्रकरण कळलं की या स्पर्धेचं सगळं दुखणं आणि सगळी गोडी कळते.

पायरी दुसरी: डिसेंबर ते मार्च, गाणी जन्माला येताना बघा

खरी मजा इथे आहे, आणि नवखे लोक हीच पायरी गाळतात.

प्रत्येक देश आपलं गाणं कसं निवडायचं ते स्वतः ठरवतो. काही देश बंद दाराआड निवड करून नाव जाहीर करतात. पण बरेच देश आधी घरच्या घरी स्पर्धा घेतात. अल्बेनियाची ‘फेस्टिवाली इ केंगेस’ डिसेंबरातच होते, म्हणून चाहत्यांचा हंगाम तिथून सुरू झाला असं मानतात. फेब्रुवारीत इटलीत सानरेमो असतं. हा महोत्सव १९५१ पासून चालू आहे, म्हणजे युरोव्हिजनपेक्षाही जुना. सलग पाच रात्री इटली दुसरं काही बोलत नाही. तिथल्या विजेत्याला युरोव्हिजनला जायचा पहिला मान मिळतो आणि तो नाकारताही येतो. २०२५ साली विजेत्या ओलीने नकार दिला, म्हणून दुसरा आलेला लुचो कोर्सी गेला आणि पाचवा आला. नॉर्वे, फिनलंड, एस्टोनिया, क्रोएशिया यांच्याही अशाच फेऱ्या असतात.

सगळ्यांत गाजलेली फेरी स्वीडनची, मेलोडिफेस्टिवालेन. अनेक शनिवार, वेगवेगळी शहरं, आणि मार्चमध्ये अंतिम सामना. २०२५ ला तिथे काय झालं ते बघा. २०१५ साली युरोव्हिजन जिंकलेला मॉन्स सेल्मरलोव पुन्हा उतरला होता. समोर होतं ‘काय’ नावाचं त्रिकूट: केविन, ॲक्सेल आणि याकोब. तिघेही फिनलंडमधल्या व्होरो या लहानशा गावाकडचे, स्वीडिश बोलणाऱ्या अल्पसंख्याकांतले. गाणं सौनाबद्दल, म्हणजे लाकडी खोलीत वाफ घेत बसण्याबद्दल, आणि तेही त्यांच्या गावाकडच्या बोलीत. मंचावर लाकडी झोपडी, टॉवेल गुंडाळलेले नर्तक, अकॉर्डियनचे सूर. स्वीडन १९९९ पासून दरवर्षी इंग्रजी गाणी पाठवत होतं. लोकांनी मॉन्सला मागे टाकून या तिघांना बासेलला, म्हणजे त्या वर्षीच्या युरोव्हिजनच्या यजमान शहरात, धाडलं. शेजारच्या देशातली तीन माणसं, छोट्या गावाची बोली, आणि स्वीडन-फिनलंड दोघांनीही त्यांना डोक्यावर घेतलं. हे सगळं मार्चमध्ये ज्याने पाहिलं होतं, त्याच्यासाठी मे महिन्यातलं त्यांचं सादरीकरण वेगळंच होतं. फक्त अंतिम रात्र बघणाऱ्याला टॉवेलातले नर्तक तेवढे दिसले.

करायचं एवढंच: एखादा देश पकडा आणि त्याची घरची फेरी पूर्ण बघा. पहिल्या वर्षी एकच. स्वीडनपासून सुरुवात केलीत तर सोपं जाईल, सादरीकरण देखणं असतं आणि भाषा न कळूनही काही अडत नाही.

पायरी तिसरी: सगळी गाणी ऐका, पण आधी डोळे मिटून

मार्चच्या मध्यापर्यंत सगळ्या देशांची गाणी ठरलेली असतात. नियमानुसार ती आदल्या वर्षीच्या १ सप्टेंबरच्या आधी व्यावसायिकरीत्या प्रसिद्ध झालेली चालत नाहीत, म्हणजे सगळाच माल ताजा. पस्तीस-चाळीस गाणी गुणिले तीन मिनिटं, दोन तासांचं काम आहे.

पहिल्यांदा फक्त ऐका, व्हिडिओ नको. चकचकीत चित्रीकरण गाण्याचे दोष लपवतं. वही घ्या आणि प्रत्येक गाण्यापुढे एकच ओळ लिहा: दुसऱ्या दिवशी सकाळी यातलं काय आठवेल? दोन दिवसांनी पुन्हा ऐका. पहिल्या फेरीत ‘ठीक’ वाटलेली दोन-तीन गाणी दुसऱ्या फेरीत वर चढतात, आणि पहिल्याच झटक्यात आवडलेलं एखादं गळून पडतं. मग स्वतःची क्रमवारी लावा. चाहत्यांमध्ये ही क्रमवारी म्हणजे जिवाभावाचा विषय, तिच्यावरून रात्र-रात्र वाद रंगतात. शब्दांचे अर्थ मात्र क्रमवारी लावून झाल्यावर शोधा. सुरांचा निवाडा आधी होऊ द्या.

सट्टेबाजांचे भाव या काळात सगळीकडे फिरत असतात. त्यांवरून हवा कुठे वाहते आहे ते समजतं, पण त्यात पैसे घालू नका आणि त्यांच्या नादाने आपलं मतही बदलू नका. २०२५ ला भावांमध्ये ‘काय’ पहिले होते. प्रत्यक्षात ते चौथे आले.

पायरी चौथी: एप्रिलमध्ये गळा तपासा

एप्रिलमध्ये ॲमस्टरडॅम, लंडन अशा शहरांत चाहत्यांसाठी कार्यक्रम होतात. स्पर्धक तिथे येऊन साध्या मंचावर गातात. प्रेक्षकांनी मोबाइलवर टिपलेले तुकडे लगेच सापडतात. स्टुडिओत घासूनपुसून काढलेला आवाज प्रत्यक्षात टिकतो का, ते इथे उघडं पडतं. तुमच्या पहिल्या पाचांपैकी कुणी इथे डळमळलं तर घाबरू नका, महिना हातात असतो. पण एखादा नवखा गायक इथे गर्दीला आपलंसं करून गेला, तर त्याच्यावर नजर ठेवा.

युरोपातल्या मराठी मंडळींना एक आग्रहाचं सांगणं: यातला एक तरी कार्यक्रम प्रत्यक्ष गाठा. अंतिम सोहळ्याचं तिकीट मिळवण्यापेक्षा हे फार सोपं असतं, आणि गायक हाताच्या अंतरावर असतात.

पायरी पाचवी: तालमी आणि मंच

मे महिन्याच्या सुरुवातीला यजमान शहरात तालमी सुरू होतात आणि अधिकृत वाहिन्यांवर काही सेकंदांच्या झलकी येतात. गाण्याचं नशीब फिरतं ते इथेच. २०२४ चा विजेता नेमो आठवा. हा स्वित्झर्लंडचा कलाकार स्वतःला ना पुरुष म्हणवतो ना स्त्री, आणि अशी ओळख सांगणारा स्पर्धेचा पहिलाच विजेता. गाण्यात रॅप, ड्रम अँड बेस, ऑपेरा असं सगळं होतं, ऐकताना दमछाक व्हावी असं. मंचावर एक मोठी तिरपी फिरती तबकडी ठेवली आणि नेमो तिच्यावर तोल सांभाळत, धावत, चढत-उतरत गायला. गाण्यातली घालमेल एकदम डोळ्यांना दिसली.

तालमींची रेकॉर्डिंग किती मोलाची ठरू शकते, त्याचा दाखला आइसलंडचा. दाधी फ्रेयर आणि त्याचा गट २०२० चे लाडके दावेदार होते, पण त्या वर्षीची स्पर्धाच रद्द झाली. हिरवे स्वेटर, त्यांवर ज्याच्या त्याच्या चेहऱ्याचं ठोकळ्या-ठोकळ्यांचं चित्र, आणि मुद्दाम अवघडल्यासारखा नाच. २०२१ ला ते रॉटरडॅमला पोचले, तालीम झाली आणि गटातल्या एकाला कोविड निघाला. मंचावर पाऊल न ठेवता, तालमीच्या चित्रफितीवर ते चौथे आले. मतांच्या वेळी ते हॉटेलमध्ये होते आणि जगभरचे चाहते त्यांच्यासाठी हळहळत होते.

पायरी सहावी: अंतिम आठवडा भारतातून

दोन उपांत्य फेऱ्या मंगळवारी आणि गुरुवारी, अंतिम फेरी शनिवारी. मध्य युरोपात रात्री नऊला सुरुवात म्हणजे आपल्याकडे साडेबारा. तारीख उलटलेली असते हे ध्यानात ठेवा: आपल्या लेखी बुधवार, शुक्रवार आणि रविवारची मध्यरात्र. संपायला पहाटेचे साडेचार होतात. लंडनला रात्री आठ, न्यूयॉर्कला शनिवार दुपारी तीन, सिडनीला रविवारी पहाटे पाच.

ज्या देशांत प्रक्षेपणाचे हक्क कुणा वाहिनीकडे नसतात, तिथे अधिकृत यूट्यूब चॅनेलवर थेट बघता येतं. अमेरिकेत अलीकडची वर्षं ते पीकॉक या ॲपवर होतं, ऑस्ट्रेलियात एसबीएस वाहिनीवर. आधी दोन दिवस दुवा उघडून खात्री करा.

उपांत्य फेरी टाळू नका. प्रत्येकीतून दहा जण पुढे जातात आणि नावं गुणांशिवाय, एकेक करून जाहीर होतात. तुमचं लाडकं गाणं नऊ नावं झाली तरी आलेलं नसतं, तो एक मिनिट फार कठीण जातो. यजमान देश आणि सर्वाधिक पैसा घालणारे ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, इटली, स्पेन थेट अंतिम फेरीत असतात. २०२६ ला स्पेन बाहेर राहिल्याने ते चारच उरले.

प्रक्षेपणाच्या सुरुवातीला जुन्या फ्रेंच संगीतकार शार्पांत्येच्या ‘ते देउम’ची धून वाजते. ती ऐकून अंगावर काटा आला की समजा, तुम्ही आता पाहुणे राहिला नाहीत.

पायरी सातवी: गुण समजून घ्या, नाहीतर पहाटेची मजा जाईल

प्रत्येक देश दोन संच देतो: एक संगीतक्षेत्रातल्या परीक्षकांचा, एक प्रेक्षकांचा. दोन्हींत पहिल्या दहा गाण्यांना १२, १०, आणि मग ८ पासून १ पर्यंत गुण. स्वतःच्या देशाला देता येत नाहीत. परीक्षक आपली मतं आदल्या रात्रीच्या, म्हणजे शुक्रवारच्या रंगीत तालमीवर देतात. त्यामुळे शनिवारी गायकाचा आवाज फाटला तरी परीक्षकांचे गुण आधीच पेटीत पडलेले असतात.

आधी देशोदेशीचे प्रतिनिधी परीक्षकांचे १२ गुण कुणाला ते सांगतात. मग प्रेक्षकांचे गुण, परीक्षकांच्या यादीत तळाला असलेल्यापासून वरपर्यंत, एकेका देशाला एकरकमी. पाचशेच्या घरातला खेळ शेवटच्या दोन आकड्यांवर येऊन ठेपतो.

आता कॅरिया. लाकडी खोक्यातून फोडून बाहेर येणारा, उघड्या छातीवर फुगीर बाह्यांचं पोपटी जाकीट घातलेला फिनिश रॅपर. अर्धं गाणं मेटलसारखं आदळतं, अर्ध्यात गुलाबी कपड्यांतले नर्तक येतात आणि त्याचं पॉप होतं. लिव्हरपूलमध्ये परीक्षकांनी स्वीडनच्या लोरीनला ३४० गुण दिले, कॅरियाला १५०. निकाल चालू असताना सभागृह त्याच्या गाण्याचा घोष करत होतं, निवेदकांना बोलू देईना. प्रेक्षकांनी त्याला ३७६ दिले. एकूण ५२६. सगळ्यांच्या नजरा लोरीनकडे. तिला २४३ मिळाले, ५८३ झाले आणि ती जिंकली, दोनदा जिंकणारी पहिली स्त्री. लोरीनचं सादरीकरण उत्तमच होतं. पण प्रेक्षकांचा राजा हरला, ही सल फिनलंडच्याच नव्हे, अनेक देशांच्या चाहत्यांच्या मनात अजून आहे. परीक्षकांचं वजन निम्मं असावं का, हा वाद तुम्हाला दरवर्षी ऐकू येईल. माझं मत विचाराल तर परीक्षक हवेत, पण निम्म्याने नकोत.

उलटही होतं. २०२१ ला ब्रिटनला परीक्षक आणि प्रेक्षक दोघांकडूनही भोपळा मिळाला. पुढच्याच वर्षी सॅम रायडर ४६६ गुणांनी दुसरा आला, आणि परीक्षकांत तर पहिला.

पायरी आठवी: मत द्या

२०२३ पासून भारतातूनही मत देता येतं. सहभागी नसलेल्या सगळ्या देशांची मतं मिळून एका देशाइतके गुण होतात. मतदान अधिकृत संकेतस्थळावरून, कार्डाने पैसे भरून. भारतीय कार्डावर परदेशी व्यवहार बऱ्याचदा बंद असतात, ते बँकेच्या ॲपमधून दिवसाढवळ्याच सुरू करून ठेवा. पहाटे साडेतीनला ओटीपीची वाट बघण्यात मतदान संपून जातं. आधी एका कार्डावरून वीस मतं देता येत, २०२६ पासून दहाच. सगळी एकालाच टाकण्यापेक्षा वाटून द्यावीत असं मला वाटतं. जर्मनी, फ्रान्ससारख्या सहभागी देशांत राहत असाल तर तिथल्या नियमाने मत, आणि त्या देशाच्या गाण्याला मात्र नाही.

वाद होतील, ते कसे घ्यायचे

स्पर्धा स्वतःला राजकारणापासून दूर म्हणवते, पण तसं ते जमलेलं नाही. युक्रेनवरच्या आक्रमणानंतर २०२२ ला रशियाला वगळलं गेलं. इस्रायलच्या सहभागावरून २०२६ च्या व्हिएन्ना स्पर्धेतून स्पेन, आयर्लंड, नेदरलँड्स, स्लोव्हेनिया आणि आइसलंड यांनी अंग काढून घेतलं, आणि नेमोने आपला चषक परत केला. तुम्हाला यावर भूमिका घ्यावीशी वाटेल, जरूर घ्या. कित्येक जुने चाहते याच कारणाने बघायचे थांबले, आणि त्यांचं दुःख खरं आहे. फक्त राग गायकाच्या खात्यावर जाऊन ओकू नका. त्यातली कित्येक मुलं विशीतली असतात आणि त्या आठवड्यात हजारो संदेश झेलत असतात.

निकालानंतर

विजेत्यापाशी थांबू नका. १९५८ साली तिसरा आलेला इटलीचा दोमेनिको मोदुन्यो त्याच गाण्याने जगभर पोचला. २०२२ ला आर्मेनियाची रोझा लिन विसावी आली आणि काही महिन्यांत तिचं गाणं टिकटॉकवरून सगळीकडे गाजलं. तुमच्या वहीतली पहिली पाच नावं घ्या, त्यांची आधीची गाणी शोधा, पुढचा अल्बम येईल तेव्हा ऐका. एकट्याने कंटाळा येत असेल तर ‘ओगाए’ ही चाहत्यांच्या मंडळांची साखळी आहे, १९८४ साली फिनलंडमध्ये सुरू झालेली. ज्या देशात स्वतःचं मंडळ नाही, तिथल्या चाहत्यांसाठी तिची वेगळी शाखाही आहे.